काठी, कुबडी, व्हीलचेअर की साइड व्हीलची स्कूटर: हिमोफिलियासह इंदूरमध्ये स्वतंत्रपणे वावरताना

हिमोफिलियामुळे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारामुळे, सांधे झिजलेल्या माणसासाठी आधाराचे साधन घ्यायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती ‘किती चालवते’ याची. त्याआधी पाहायला हवे ते हे, की भार कोणत्या सांध्यावरून काढायचा आहे आणि काढलेला भार कोणत्या सांध्यावर जाणार आहे. हिमोफिलियातील बहुतेक रक्तस्राव गुडघा, घोटा आणि कोपर या सांध्यांत होतात. एकाच सांध्यात सहा महिन्यांत तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला, तर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. काठीपासून हाताने ढकलायच्या व्हीलचेअरपर्यंत बहुतेक साधने पायांचे काम हातांकडे देतात, आणि कोपर स्वतःच नाजूक असेल तर एका सांध्याची सुटका दुसऱ्याच्या जिवावर होते. पोलिओ किंवा अपघातानंतर वापरायच्या साधनांविषयीचा सल्ला म्हणूनच येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

एकच गुडघा किंवा घोटा दुखरा असेल, तर साधी काठी पुरते. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, तिची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला यावी आणि खालचे रबरी बूच झिजले की लगेच बदलावे. जिना चढताना आधी चांगला पाय टाकावा, उतरताना आधी दुखरा.

काठीने भागेनासे झाले की कुबड्या येतात, आणि निवड चुकण्याची सर्वाधिक शक्यता मला येथेच वाटते. काखेतल्या कुबड्या स्वस्त असतात, पण काखेवर सतत दाब आला तर तेथील नसा दुखावतात. म्हणून दीर्घकाळासाठी कोपराच्या कुबड्या बऱ्या. माझ्या भाच्याच्या घोट्यासाठी त्या आणल्या, तेव्हा तो प्रथमच एकटा सराफा बाजारापर्यंत जाऊन आला आणि घरात सर्वांना फार आनंद झाला. काही आठवड्यांनी मात्र सकाळी त्याचे उजवे कोपर हाताला गरम लागू लागले आणि चहाचा कप ओठांशी नेताना हात मध्येच अडू लागला. फिजिओथेरपिस्टने कुबडीची खिट्टी दोन छिद्रे खाली घेतली, कारण कुबडी उंच असली की कोपर जास्त वाकलेले राहते. मुठीवर जाड फोमही बसवला. तरीही कोपर शांत होईना, तेव्हा हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग आडवा टेकवायची गादी असलेली कुबडी दिली. ती बोजड आहे, दुकानात सहसा मागवून घ्यावी लागते, पण ज्याचे कोपर किंवा मनगट आधीच बिघडले आहे त्याने तीच आधी वापरून पाहावी.

व्हीलचेअरबद्दल आपल्या घरांमध्ये एक भीती असते, की मूल एकदा खुर्चीत बसले की पुन्हा उठणार नाही. या भीतीत अर्धे तथ्य आहे. दिवसभर बसून राहिल्यास गुडघा आणि खुबा वाकलेल्या स्थितीतच आखडतात, मांडीचे स्नायू वाळतात, आणि स्नायूंचा आधार कमी झालेल्या सांध्यात रक्तस्राव सहज होतो. परंतु ताज्या रक्तस्रावानंतर पायावर भार द्यायचा नसतो, तेव्हा किंवा विमानतळ, लग्नाचे कार्यालय अशा लांब अंतरासाठी हीच खुर्ची सांधा वाचवते. माझ्या मते ती घरात असावी, पण रोजची बैठक होऊ नये. हाताने चाके ढकलायची खुर्ची खांदा आणि कोपराला शिणवते; दोन्ही कोपरे खराब असतील तर जॉयस्टिकवर चालणारी बॅटरीची खुर्चीच योग्य. ती महाग आणि जड असते, दुसऱ्या मजल्यावर चढवता येत नाही, हे आधीच धरून चालावे. उतारासाठी 1:12 हे प्रमाण मानले जाते, म्हणजे सहा इंच उंच पायरीसाठी सहा फुटांचा रॅम्प लागतो. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत एवढी जागा क्वचितच असते. खुर्ची घेण्याआधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी टेपने मोजावी.

आता बाहेर पडण्याचा प्रश्न. राजेंद्रनगरला राहून विजयनगरला नोकरी करणाऱ्याला शहर आडवे ओलांडावे लागते, आणि तेथे घरातली साधने अपुरी पडतात. बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गाच्या, थांब्यांवर बसमध्ये समपातळीवरून शिरता येत असे. तो मार्ग काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये मंजुरी दिली. मेट्रो त्याच वर्षी 31 मे रोजी सुरू झाली, पण पहिला टप्पा गांधीनगर आणि सुपर कॉरिडॉरच्या बाजूचा आहे. म्हणून बहुतेकांसमोर दोन पर्याय उरतात: साइड व्हील लावलेली गिअरविरहित स्कूटर, किंवा व्हीलचेअरला पुढून जोडायचे मोटरचे चाक. दुसऱ्या प्रकारात आयआयटी मद्रासमध्ये आकाराला आलेला निओबोल्ट प्रसिद्ध आहे; त्याचा कमाल वेग ताशी 25 किलोमीटर असून खुर्चीतून न उठता बाहेर पडता येते. ज्याला खुर्चीतून आसनावर सरकतानाच सांधा दुखावतो, त्याच्यासाठी हा गुण मोठा आहे. थोडे चालता येत असेल आणि अंतर लांब असेल तर मी स्कूटर सुचवेन: बटण स्टार्ट असते, थांबल्यावर पाय टेकवावा लागत नाही आणि कुबडी बाजूला अडकवता येते. गैरसोय अशी की गाडी रुंद होते आणि मागे घेणे कठीण जाते. खड्ड्यांचे हादरेही थेट कंबरेपर्यंत येतात. हा बदल आरटीओकडून नोंदणीपुस्तकात चढवून घेणे आणि त्यानुसार लायसन्स काढणे टाळू नये, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. हेल्मेट तर हवेच. डोक्याला मार लागल्यास या आजारात आधी फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या घटकाचे इंजेक्शन) आणि नंतर स्कॅन हा क्रम असतो, हे सोबतच्या माणसालाही ठाऊक असावे.

उपचारांशी साधनाचा थेट संबंध आहे. नियमित प्रतिबंधक फॅक्टर किंवा हिमोफिलिया ‘ए’साठी (फॅक्टर 8 कमी असलेल्या प्रकारासाठी) कातडीखाली घ्यायचे एमिसिझुमॅब हे इंजेक्शन मिळत असेल, तर रक्तस्राव घटतात आणि अनेकदा हलके साधन पुरते, मात्र झिजलेला सांधा त्याने पूर्ववत होत नाही. फॅक्टर 8चा प्रभाव साधारण 8 ते 12 तासांत निम्मा होतो, म्हणून नव्या कुबडीचा सराव किंवा लांबचा प्रवास शक्यतो फॅक्टर घेतलेल्या दिवशी ठेवावा. दुखते म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. इतर वेदनाशामकेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

खर्चाचे म्हणाल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत हिमोफिलिया आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असल्याचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या अटीवर, साधने विनामूल्य किंवा सवलतीत मिळतात. तपासणीला जाताना जुने एक्स-रे आणि रक्तस्रावांची नोंदवही सोबत न्यावी, कारण चांगल्या दिवशी सूज नसलेला गुडघा समोरच्याला निरोगी दिसतो. शिबिरात मात्र सर्वांना एकाच मापाच्या कुबड्या मिळू शकतात. त्या घरी आणल्यावर वापरण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्याव्यात, आणि महागडी खुर्ची किंवा स्कूटर घेण्याआधी तसेच साधन भाड्याने आणून किमान आठवडाभर कामाच्या दिवसांत वापरून पाहावे, रोज रात्री दोन्ही कोपरे चाचपून.