मनगटाच्या दुखण्यासाठी रात्री कॅज्युअल्टीत, जळगावचा अनुभव

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रार पण आहे. चैत्रात बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) पीठ घोटल्यापासून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखत होतं, कुणी म्हणे शीर चढली, कुणी म्हणे तेल लाव, आणि गावातल्या मालिशवाल्याने तर असं चोळलं की दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलेना. पाच महिने अंगावर काढलं. मग एका रात्री भाकरी थापताना अशी कळ आली की मुलाने गाडीवर बसवून सरळ कॅज्युअल्टीत नेलं.

दीड तास बसवलं, पण ॲक्सिडेंटची केस आली होती, तिच्यापुढे माझं मनगट काय. ड्युटीवरचा डॉक्टर पोरगेलाच, पण हात बघायची पद्धत छान. "मावशी, पडला होतात का कधी?" विचारलं, अंगठ्यामागच्या खळग्यात दाबलं (तिथलं बारकं हाड मोडलं असलं तर तिथे दुखतं म्हणे), मग अंगठा मुठीत धरायला लावून मनगट हळूच करंगळीकडे वाकवलं. डोळ्यापुढे काजवे! म्हणाला हे डी क्वेर्वेन, अंगठ्याच्या दोन टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, ज्या नळीतून जातात ती जाड झालीय, म्हणून घासतंय. मुलाने तिथेच फोनवर बघितलं, १८९५ साली एका स्विस सर्जनने लिहून ठेवलंय हे.

आता तक्रार. डॉक्टरने बघायच्या आधीच काउंटरवर एक्स-रेचे पैसे घेतले, पडले नाही बिडले नाही, आणि निघाला नॉर्मल. टेंडन त्यात दिसतच नाहीत! वरून मेडिकलवाल्याने पट्टा दिला तो नुसत्या मनगटाचा, अंगठा मोकळाच, चिठ्ठीवर अंगठ्यासकट लिहिलेलं असून. डॉक्टरने बघितल्याबरोबर फोन करून बदलायला लावला.

किडनी, ॲसिडिटी विचारून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर. बर्फ लावायचा, चोळणं बंद. मी म्हटलं इंजेक्शनच देऊन टाका, तर म्हणे ते स्टिरॉइडचं असतं, नळीत नेमकं द्यावं लागतं, फरक नाही पडला तर हाडाच्या डॉक्टरांकडे ओपीडीत या, आणि तुम्हाला शुगर आहे, स्टिरॉइडने काही दिवस वाढेल ते सांभाळा. लाल होऊन ताप आला किंवा बोटं बधिर झाली तर मात्र रात्री-बेरात्री या.

डॉक्टरला पाचपैकी पाच, काउंटरला एक. तीन आठवडे झाले, दुखणं निम्म्यावर आलंय, पट्टा रात्री पण घालते. भाकरी सून थापते, जाड असतात, पण मी काही बोलत नाही.