एका चषकासाठी ६१ दिवस : नऊ महिने खेळल्यानंतरचा अनुभव

गेल्या रविवारी मला हवा असलेला चषक अखेर मिळाला आणि त्याच रात्री मी मासिक पास पुन्हा न घेण्याचे ठरवले. फोनवरच्या या खेळाचे नाव देत नाही, कारण हे दुखणे एकाच खेळाचे नाही. मोठा खुला नकाशा, सोडतीतून मिळणारी पात्रे आणि फुकट डाउनलोड हा प्रकार वाचकांना चांगलाच ठाऊक आहे. चित्रण, संगीत, लढाईचा वेग यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती चषकाची.

प्रत्येक पात्राला पाच वस्तूंचा संच लागतो आणि चषक ही त्यांतली एक वस्तू. एका डोमेनमध्ये, म्हणजे वस्तू मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळायच्या टप्प्यात, दोन संच पडतात, म्हणजे हवा तो संच मिळण्याची शक्यता निम्मी. पाच वस्तूंपैकी चषकच पडण्याची एक पंचमांश. आणि त्यावर हव्या त्या तत्त्वाचा (आग, पाणी वगैरे) मेन स्टॅट, म्हणजे मुख्य गुण, येण्याची ५ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला, तर दोनशे ड्रॉपमागे (पडलेल्या वस्तूंमागे) असा एक चषक पडतो. ऊर्जा दर आठ मिनिटांना एक, याप्रमाणे दिवसाला १८० भरते आणि एका फेरीला २० खर्च होते, म्हणून रोज नऊच फेऱ्या. एका फेरीला एक ड्रॉप धरला, तर सरासरी बावीस दिवस. मात्र ही केवळ सरासरी आहे. दोनशे फेऱ्या पूर्ण करूनही दर शंभरातले सुमारे सदतीस खेळाडू रिकाम्या हाताने राहतात, हे गणित मी कागदावर मांडून पाहिले तेव्हा मला खरा राग आला.

मध्येच गणपतीला गावी गेलो. तेथे पाच दिवस रेंज नव्हती. ऊर्जा २०० च्या वर साठत नाही, त्यामुळे ७०० वाया गेली, म्हणजे पस्तीस फेऱ्या बुडाल्या. घरच्या सणाला गेल्याची भरपाई खेळाने माझ्याकडून घेतली, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आता सोडतीकडे पाहा. तेथे पंचतारांकित (सर्वांत दुर्मीळ) पात्राची शक्यता ०.६ टक्के आहे, पण नव्वदाव्या प्रयत्नाला ते मिळतेच. खेळाडू याला ‘पिटी’ म्हणतात. शक्यतेचे आकडेही खेळातच छापलेले आहेत, आणि त्यामागे इतिहास आहे. जपानने २०१२ मध्ये तुकडे जमवून संच पूर्ण करायला लावणारी ‘कोम्पू गाचा’ पद्धत बेकायदा ठरवली, चीनमध्ये मे २०१७ पासून सोडतीतील शक्यता जाहीर करणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ॲपलनेही विकत घेतल्या जाणाऱ्या सोडतींसाठी तसाच नियम केला. हे सर्व नियम पैसे मोजण्याच्या जागेपुरते आहेत. रोज अर्धा तास देऊन मी जे मिळवतो, त्याला कोणतीही हमी नाही आणि त्याचा आकडाही खेळात कोठे दिलेला नाही. वर दिलेली ५ टक्के ही संख्या खेळाडूंनीच हजारो ड्रॉपच्या नोंदी ठेवून काढलेली आहे. पैशाला पिटी आणि ग्राइंडला, म्हणजे रोजच्या त्याच त्या मेहनतीला, काहीच नाही, ही मांडणी मला अन्यायाची वाटते.

चौथ्या महिन्यात मी हा खेळ तीन मित्रांना सुचवला होता, कारण तोवर नवा प्रदेश फिरण्यातच दिवस जात होते. ते मत आता बदलले आहे. आठव्या महिन्यातील अपडेटने मेन स्टॅट स्वतः निवडून वस्तू घडवण्याची सोय दिली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो, आणि ती चांगली आहे; परंतु तिचे साहित्य इतके तुटपुंजे मिळते की दीड महिन्यात जेमतेम एक वस्तू होते, आणि ते मी आधीच दुसऱ्या पात्राच्या मुकुटासाठी वापरून टाकले होते.

एकसष्टाव्या दिवशी, ५१४ व्या फेरीला, चषक पडला. इतके थांबावे लागणे तेरांपैकी एकाच्याच वाट्याला येते. तो २० व्या पातळीपर्यंत चढवताना दर चार पातळ्यांना एक सबस्टॅट, म्हणजे दुय्यम गुण, आपोआप वाढतो. अशा पाचपैकी चार वाढी संरक्षणात गेल्या, आणि माझ्या पात्राला संरक्षणाचा काडीचाही उपयोग नाही.

पास २ तारखेला संपला. नकाशाचा उत्तरेकडील बर्फाळ भाग पाहायचा राहिला आहे, तेवढ्यासाठी खेळ फोनमध्ये ठेवला आहे. डोमेनमध्ये पुन्हा गेलेलो नाही.