बायोइन्फॉर्मॅटिक्सचे हॅकेथॉन: तीन दिवसांत टूल तयार होतं का?

होतं, पण प्रश्न आधीच नेमका ठरलेला असेल तर. हॅकेथॉन म्हणजे प्रोग्रॅमर आणि संशोधकांनी काही दिवस एकत्र बसून सॉफ्टवेअर बनवणं; बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये ते जीवशास्त्रातल्या डेटासाठी असतं. जपानच्या डीबीसीएलएस या जैवडेटा केंद्रानं २००८ साली बायोहॅकेथॉन सुरू केला, अमेरिकेत एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्रानं २०१५ पासून तीन-तीन दिवसांचे हॅकेथॉन भरवले आणि युरोपात एलिक्सिर या जैवडेटा संस्थांच्या जाळ्याचा आठवडाभराचा बायोहॅकेथॉन २०१८ पासून होतो. इथं बक्षिसासाठी चढाओढ नसते. एका गटाचा पार्सर (फाइल वाचून त्यातली माहिती वेगळी काढणारा कोड) दुसरा गट बिनदिक्कत उचलतो, आणि या प्रकाराची खरी ताकद तीच आहे.

काम मात्र पारखून घ्यावं. आधीपासून असलेली टूल्स नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेक या टप्पे ओळीनं चालवणाऱ्या साधनांमध्ये जोडणं, फॉरमॅट बदलणारी स्क्रिप्ट, बायोकॉन्डाची रेसिपी (टूल सहज इन्स्टॉल व्हावं म्हणून लिहिलेली कृती), मेटाडेटाची (डेटाबद्दलच्या माहितीची) साफसफाई ही कामं या मुदतीत नीट बसतात. नवा अलाइनर (वाचलेले जनुकीय तुकडे जीनोमवर जुळवणारा प्रोग्रॅम) किंवा नवी संख्याशास्त्रीय पद्धत घेऊन जाऊ नये. कोड कदाचित लिहून होईल, पण त्याची पडताळणी करायला वेळच उरत नाही, आणि पडताळणी नसलेल्या टूलवर कोणी विश्वास का ठेवावा?

गट पाच-सहा जणांचा पुरतो. त्यात एक जण तरी असा हवा, जो निकाल बघून ‘हे जीवशास्त्रात बसत नाही’ असं सांगू शकेल. एकानं पहिल्या तासापासून फक्त रीडमी (टूल कसं वापरायचं ते सांगणारी फाइल) आणि चाचण्या बघाव्यात. हे काम शेवटच्या दुपारवर ढकललं की राहतंच.

सगळ्यात जास्त वेळ खातो पहिला दिवस. सगळे एकाच वायफायवर एसआरए या सार्वजनिक डेटासाठ्यातून डेटा उतरवायला बसतात, आणि फास्टक्यू-डंप हा तो डेटा उलगडणारा प्रोग्रॅम चालवताना मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा लागते हे डिस्क भरल्यावर कळतं. स्टार या अलाइनरला मानवी जीनोमच्या इंडेक्ससाठी साधारण ३० जीबी रॅम लागते. १६ जीबीच्या लॅपटॉपवर प्रोसेस मध्येच मारली जाते आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. म्हणून आठवडाभर आधी फक्त गुणसूत्र २२ वरचे एक-दोन लाख रीड्स (वाचलेले जनुकीय तुकडे) वेगळे काढून सामायिक जागेत ठेवावेत, कंटेनर (टूल आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) तयार करून प्रत्येकाच्या मशीनवर चालवून बघावा, आणि संदर्भ जीनोमची आवृत्ती जीआरसीएच३७ की जीआरसीएच३८ हे लिहून टाकावं.

दुसऱ्या दिवशी तुकडे जोडताना दोन चुका हमखास निघतात. एका फाइलमध्ये गुणसूत्राचं नाव ‘सीएचआर१’ असतं, दुसरीत नुसतं ‘१’. दोन्हींची तुलना केली की रिकामी फाइल हाती येते, आणि पाइपलाइन बिनतक्रार पुढे सरकते. दुसरी चूक मोजणीची. बेड फाइल (जीनोमवरच्या जागांची यादी) शून्यापासून मोजते, व्हीसीएफ (जनुकीय बदलांची यादी) एकपासून. व्हीसीएफमधला १०० क्रमांकाचा एक बेस (डीएनएचं एक अक्षर) बेडमध्ये ९९ ते १०० असा लिहावा लागतो. हा फरक सुटला तर सगळे निकाल एका बेसनं सरकतात, आणि तरी दिसायला बरोबर दिसतात. त्यामुळे उत्तर आधीच माहीत असलेले चार-पाच व्हेरियंट (जनुकीय बदल) चाचणीत घालावेतच, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर ओळींची संख्या छापावी.

या प्रकाराची सगळ्यात कमजोर बाजू म्हणजे नंतरची देखभाल. सादरीकरण संपलं की कितीतरी रेपॉझिटरींकडे (कोडच्या साठ्यांकडे) कोणी फिरकतही नाही. काहींवर परवानाच नसतो, त्यामुळे कोड उघड्यावर असूनही दुसऱ्याला तो कायदेशीरपणे वापरता येत नाही. एमआयटी किंवा अपाचे परवान्याची फाइल पहिल्याच कमिटमध्ये (कोडच्या पहिल्या नोंदीत) टाकावी. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर नवी फीचर्स बंद करावीत आणि कोऱ्या मशीनवर रीडमीतल्या आज्ञा जशाच्या तशा चालवाव्यात. त्या चालल्या की आवृत्तीचा टॅग लावून झेनोडो या संशोधन-साठ्यावर डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घ्यावा. बायोहॅकआर्काइव्ह या हॅकेथॉनच्या लेखांच्या साइटवर छोटा लेख टाकला तर मेहनतीची नोंदही राहते. आणि पुढच्या सहा महिन्यांत येणाऱ्या तक्रारी कोण बघणार, त्याचं नाव सगळे खोलीत असतानाच रीडमीत लिहून घ्यावं.