दहा गुणांचे लेबल आणि दुसऱ्याच कंपनीचा भाव

अपर डेक कंपनीच्या 1989 च्या बेसबॉल कार्डांच्या संचातले खेळाडू केन ग्रिफी ज्युनियरचे पहिल्या क्रमांकाचे रूकी कार्ड (पदार्पणाच्या काळातले कार्ड) मुळीच दुर्मीळ नाही. ग्रेडिंगसाठी, म्हणजे कंपनीकडून तपासून दहापैकी गुण घेण्यासाठी, ते इतक्या मोठ्या संख्येने पाठवले गेले आहे की त्याची किंमत जवळजवळ पूर्णपणे स्लॅबवरच्या (गुण दिलेले कार्ड सीलबंद करतात त्या प्लास्टिकच्या साच्यावरच्या) आकड्यावर ठरते, आणि पीएसए या मोठ्या ग्रेडिंग कंपनीच्या नऊ व दहा गुणांच्या भावात अनेक पटींचा फरक पडतो. याच कार्डाच्या खरेदीत माझी फसवणूक झाली. वापरलेली युक्ती कोणत्याही कार्डाला लागू पडेल अशी असल्यामुळे ती तपशिलाने सांगतो.

मला विकलेल्या कार्डाला एका छोट्या, फारशा परिचित नसलेल्या कंपनीने दहा गुण दिले होते आणि लेबलवर सेंटरिंग (छपाई कार्डाच्या मधोमध आहे का), कोपरे, कडा व पृष्ठभाग असे चार उपगुण छापलेले होते. विक्रेत्याचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता: पीएसए एकच आकडा देते, ही कंपनी चार बाबी स्वतंत्रपणे तपासते, म्हणजे ही अधिक कडक, मग कडक कंपनीचे दहा पीएसएच्या दहापेक्षा स्वस्त का असावेत? सोबत त्याने झालेल्या विक्रींची यादी जोडली होती. यादीतली एकही नोंद खोटी नव्हती, फक्त सगळ्या नोंदी पीएसए 10 च्या होत्या. त्या छोट्या कंपनीच्या दहाला बाजारात काय मिळते, याचा तीत मागमूसही नव्हता.

खरी मेख इथेच आहे. कडकपणा आणि पुनर्विक्रीचा भाव यांची सांगड दिसते तितकी सरळ नाही. उपगुणांची पद्धत प्रसिद्ध केली ती बेकेट कंपनीच्या बीजीएस या ग्रेडिंग सेवेने. तिथे चारही उपगुण दहा आले तरच काळे लेबल मिळते. ते पीएसए 10 पेक्षा कितीतरी अवघड, आणि आधुनिक कार्डांत त्याला भावही तसाच चढा. पण त्याच बीजीएसचे 9.5, जे तिच्या मोजपट्टीवर जेम मिंट (जवळजवळ निर्दोष) दर्जाचेच आहे, बहुधा पीएसए 10 पेक्षा कमी भावाने जाते. एसजीसी ही आणखी एक ग्रेडिंग कंपनी जुन्या कार्डांबाबत कडक मानली जाते, तरी सारख्या गुणांना सहसा पीएसएचेच पारडे जड. (1952 च्या टॉप्स कंपनीच्या संचातले बेसबॉलपटू मिकी मँटलचे कार्ड एसजीसी 9.5 च्या स्लॅबमध्ये ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेले खरे, पण असे कार्ड कोणत्याही स्लॅबमध्ये गाजलेच असते.) पीएसएच्या भावामागे तिच्या सेट रजिस्ट्रीत (संग्राहकांच्या संचांच्या क्रमवारीत) क्रमांक मिळवू पाहणारे संग्राहक आहेत, कोणत्या गुणांची किती कार्डे आहेत याची उघड नोंद आहे आणि त्यामुळे गिऱ्हाईक चटकन मिळते. छोट्या कंपनीकडे यातले काहीच नसते. माझ्या विक्रेत्याने बीजीएसचा कडकपणा आणि पीएसएचा भाव उसना घेऊन तिसऱ्याच कंपनीच्या लेबलावर चिकटवला होता.

कार्ड हाती आल्यावर स्लॅबमध्ये त्याच्या उजव्या बाजूला डावीपेक्षा जास्त फट दिसली. भिंगाखाली बाकीच्या तीन कडा किंचित मळकट होत्या आणि उजवी मात्र पांढरीशुभ्र, धारदार. विचारणा करताच विक्रेता म्हणाला की साचा सैल आहे, शंका असेल तर स्लॅब न फोडता पीएसएकडे क्रॉसओव्हरला (दुसऱ्या कंपनीने गुण दिलेल्या कार्डाच्या फेरतपासणीला) पाठवा, स्वस्तातली संथ सेवा निवडा, घाई कशाला? क्रॉसओव्हरमध्ये आपण किमान गुण कळवतो आणि कार्ड तितके भरले नाही तर ते मूळ स्लॅबमध्येच परत येते. माझे तसेच परत आले. कारण दिले होते, कड कापल्याचा पुरावा; म्हणजे झिजलेली कड छाटून ती नवी भासवली होती. तोवर माल परत करण्याची मुदत उलटून गेली होती. तो सल्ला सद्भावनेचा नव्हता, फसवणुकीचा दुसरा अंक होता, असे माझे ठाम मत आहे. त्याचे शेवटचे उत्तर होते, "मी त्या कंपनीचे दहा विकले आणि तुम्हाला तेच मिळाले." ग्रेडिंग कंपनीने उत्तरच दिले नाही. तिच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्र क्रमांक तपासला तर गुण दिसतात, कार्डाचे छायाचित्र नाही.

कापलेली कड मोठ्या कंपन्यांच्याही नजरेतून सुटते, हे इथे सांगायला हवे. पीएसएने सर्वांत आधी गुण दिलेले कार्ड म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे टी206 या जुन्या संचातले प्रसिद्ध कार्ड. ते आपण कापले होते, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी 2013 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दिली.

म्हणून विक्रेत्याने दाखवलेल्या भावांपैकी त्याच कंपनीचे, त्याच गुणांचे आणि प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे तेवढेच धरावेत. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. चारही कडांची जवळून घेतलेली छायाचित्रे पैसे देण्यापूर्वी मागावीत. क्रॉसओव्हरचा सल्ला मिळाला तर त्याचा निकाल येईपर्यंत परतफेडीची मुदत वाढवल्याचे लेखी घ्यावे, आणि त्यात कड कापलेली नसल्याची हमी स्वतंत्र शब्दांत असावी. कार्ड अस्सल असल्याची हमी तिथे उपयोगी पडत नाही, कारण कापलेले कार्डही अस्सलच असते.