चकली झकास, डब्यावरची अक्षरं माझी

डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळचं फराळाचं दुकान. नाव देत नाही. चकली झकास: काटेरी, मोडली की कटकन आवाज, हाताला तेल नाही. अनारसे जाळीदार. चिवड्यात मात्र साखर जास्त आणि खोबऱ्याचे काप करपलेले.

घरी येऊन डबा टेबलावर ठेवला आणि त्यावरच्या 'शुभ दीपावली'कडे बघतच बसले. गेल्या वर्षी मीच बोरूने लिहून इन्स्टाग्रामवर टाकलेली अक्षरं! हातकागदावर 'दी'च्या वेलांटीच्या टोकाशी शाई जराशी फुटली होती, म्हटलं असू दे. डब्यावर ती फुटलेली शाईसुद्धा जशीच्या तशी. उजव्या कोपऱ्यात माझी सही होती, तिथे आता सोनेरी पणती बसवलीय. मग रिक्षांच्या पाठीवरही त्याच अक्षरांची दुकानाची जाहिरात दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी गेले. मालक पोरगेलासा.

"अहो काकू, डिझायनरने नेटवरून घेतलं असेल. त्यावर कॉपीराइट कुठे लिहिलं होतं?"

लिहावं लागत नाही, बाबा. १९५७च्या कायद्यात नोंदणीचीही सक्ती नाही, कलाकृती तयार झाली की हक्क आलाच. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकले तरी 'हे मी केलंय' म्हणण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. गल्ल्यासमोर, मागे पाच गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना हे सांगत होते. किती पोचलं देव जाणे. त्याने पाव किलो शंकरपाळी पुढे केली. "घ्या काकू, घरचंच समजा."

घरचंच समजून उचललं, तेच तर दुखणं! शंकरपाळी तिथेच ठेवून आले.

डबा उलटा केला तर अन्नसुरक्षेचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, वजन, घटक, तेल कुठलं, इतकंच काय, डबा छापणाऱ्या छापखान्याचंही नाव आहे. 'सुलेखन' म्हणून एक ओळ कुठे बसली असती? पट्टी लावून बघितलं: पणतीखाली चांगली दोन सेंटीमीटर जागा रिकामी आहे.

बिल व्हॉट्सॅपवर पाठवलंय, आणि पुढच्या छपाईत नाव घाला असंही लिहिलंय. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

चकलीला पाचपैकी साडेचार. घ्यायचीच असेल तर घरचा डबा घेऊन जा, सुटीही देतात.