वीज पडल्यानंतर हॉट टबची तपासणी आणि सर्ज प्रोटेक्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

टबजवळच्या झाडावर वीज पडली, त्याला आता बरेच महिने झाले. टबवर थेट पडली नव्हती, पण वायरींमधून आलेल्या सर्जने (व्होल्टेजच्या क्षणिक उसळीने) नुकसान व्हायचं ते झालंच. दुरुस्तीबरोबर घराच्या मेन बोर्डात एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर, बसवून घेतला आणि तेव्हापासून टब नेहमीसारखा वापरात आहे.

वीज पडून गेल्यावर टब चालू झाला, एवढ्यावरून तो धड आहे असं मानू नका. आमच्या टबचा डिस्प्ले लागत होता, जेट्सही चालत होते. फक्त पाणी तापत नव्हतं. विक्रेत्याच्या सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला, "टबचा कंट्रोल बोर्ड बदला, झालं काम." मी स्वतंत्र इलेक्ट्रिशियन बोलावला, ते फार बरं झालं.

त्याने मेन बंद केला, सप्लाय खरंच नाही ना हे टेस्टरने पाहिलं आणि मगच टबचं पॅनेल उघडलं. बोर्डावरची व्हॅरिस्टरची निळी चकती मधोमध तडकली होती, भोवती काजळी. जास्तीचा व्होल्टेज स्वतःवर घेणारा हा भाग, त्यामुळे पहिला तोच जातो. शेजारचा हीटरचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, तोही जळाला होता. हीटर मल्टिमीटरवर मात्र व्यवस्थित दिसला: १७-१८ ओहम. २३० व्होल्टवरच्या ३ किलोवॅट हीटरचं रीडिंग एवढंच यायला हवं.

इथेच बरेच जण थांबतात. त्याने हीटरच्या वायरी बोर्डापासून सोडवल्या (नाहीतर बोर्डावरचे इलेक्ट्रॉनिक भाग जातात) आणि एलिमेंट (हीटरची तापणारी तार) ते अर्थ असा ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला. किमान १ मेगाओहम तरी यायला हवा होता. काटा जवळजवळ शून्यावर. एलिमेंट शाबूत, पण आतलं इन्सुलेशन फुटलेलं. रिले जळाल्यामुळे हीटरपर्यंत वीज पोचतच नव्हती, म्हणून हा लीकेज इतके दिवस लपून राहिला. नुसता बोर्ड बदलला असता, तर ज्या पाण्यात माणसं बसतात त्याच पाण्यातला हीटर लीकेजसकट चालू झाला असता आणि सगळा भरवसा एकट्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (लीकेज झाल्यास सप्लाय तोडणाऱ्या स्विचवर) राहिला असता. तो आरसीसीबीही नुसतं टेस्ट बटण दाबून नाही, मीटर लावून तपासून घेतला. पंपाच्या बॉडीकडे जाणारी अर्थिंगची वायर ढिली निघाली, ती आवळली.

आता एसपीडीबद्दल. टाइप २ घेतला. घरावर वीजरोधक (छतावरचा लाइटनिंग रॉड) असेल तर टाइप १ लागतो. त्याच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. लांब वायरींनी त्याचा अर्धा उपयोग वाया जातो. नंतर बऱ्याचदा विजा कडाडल्या, टबला काही झालं नाही. त्याचं सगळं श्रेय एसपीडीला देता येत नाही, पण पुन्हा घेईन का विचाराल तर नक्की घेईन. खटकतं एकच: एसपीडीवरची छोटी खिडकी लाल झाली की आतला भाग निकामी, पण आमच्या मॉडेलला बझर नाही, त्यामुळे प्रत्येक वादळानंतर जाऊन बघावं लागतं. आणि एसपीडी असला तरी गडगडाट सुरू होताच टबबाहेर यायचं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आत जायचं नाही. यात आमच्याकडे कुणालाच सूट नाही.

विम्याचा दावा करणार असाल तर जुना बोर्ड आणि एलिमेंट सर्व्हिसवाल्याला नेऊ देऊ नका. फोटो काढा, मेगरचं रीडिंग सहीनिशी लिहून घ्या.