पेटीपॅक इटली

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. दुसऱ्यांच्या मालाला व्हर्नियर लावायचा आणि टेस्ट सर्टिफिकेट नसेल तर गाडी गेटवरूनच परत पाठवायची, यावर माझं घर चालतं. आणि मलाच गाडी ट्यून करणाऱ्या एकानं साडेचार लाखांची टोपी घातली. लिहायची लाज वाटते. पण गेल्या महिन्यात उद्यमनगरात चहा पिताना कळलं, की त्याच्या शेडमध्ये आणखी एक जुनी फियाट जाऊन उभी राहिली आहे. त्याचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तसं बजावलंय.

गाडी वडिलांची, 1969 सालची फियाट 1100 डिलाइट. ही काही स्पोर्ट्स कार नव्हे, हे मलाही कळतं. पण याच 1089 सीसीच्या इंजिनावर इटलीत 1953 साली ‘टीव्ही’ निघाली होती. टीव्ही म्हणजे तुरिस्मो व्हेलोचे, वेगवान टुरिंग. आपल्याकडंही चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर फियाटी रेसमध्ये पळाल्यात. वडील गेल्यावर गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. तिला जरा जोर आणावा आणि हौशी लोकांच्या टाइम ट्रायलला एकदा तरी न्यावी, एवढाच नाद.

एका मित्रानं या ‘रेस ट्यूनर’चा पत्ता दिला. हायवेलगत पत्र्याची शेड, भिंतीवर रेसचे फोटो. (एकाही फोटोत तो स्वतः नव्हता, हे आत्ता आठवतंय.) म्हणाला, “सोलेक्स काढून टाक भावा. वेबर 40 डीसीओई बसवतो. इटलीचा माल, पेटीपॅक. पन्हाळ्याचा घाट थर्डमध्ये चढंल गाडी.” (सोलेक्स आणि वेबर हे कार्ब्युरेटर, इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारे.) आरटीओचं विचारलं तर, “ते माझ्यावर सोड.” बिलाचं विचारलं तर, “जीएसटी लागंल, कशाला उगंच?” मलाही जीएसटी नकोच होता. दीड लाख फोनवरून पाठवले, उरलेले तीन रोख, तीन हप्त्यांत.

गणपतीला मिळणारी गाडी दिवाळीला गेली, दिवाळीची शिमग्याला.

आली तेव्हा आवाज नाद खुळा होता, हे कबूल. पण उजळाईवाडीच्या चढाला गाडी खोकायला लागली. प्लग काढले, तर पहिले दोन काजळीनं काळे आणि मागचे दोन पांढरेफटक. एका डीसीओईला दोन घसे, म्हणजे मिश्रण जायच्या दोन वाटा असतात, माझ्या गाडीत एकेक घसा दोन-दोन सिलिंडरला पुरवतो. म्हणजे एका बाजूला पेट्रोल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे छोटे स्क्रू, काढून कारखान्यात नेले. दोन्हींवर 115 कोरलेलं, म्हणजे भोक 1.15 मिलिमीटरचं हवं. एकात 1.15 ची पिन गेज, म्हणजे भोक मोजायची पिन, जेमतेम गेली. दुसऱ्यात 1.20 ची आरपार. मग बॉडी नीट पाहिली. कास्टिंगवर बोट फिरवलं की खरखर लागत होती, आणि थ्रॉटलचा दांडा बोटानं हलत होता. वेबरचं बोलोन्यातलं उत्पादन 1990 च्या दशकात स्पेनला गेलं. मग माझा ‘इटलीचा कोरा पेटीपॅक’ कुठून आला? बाजारात नकली डीसीओई ढिगानं मिळतात. असलं कास्टिंग आमच्याकडं आलं असतं तर मी चहाच्या आधी रिजेक्ट केलं असतं.

त्याला फोन केला. “ट्यूनिंगला वेळ लागतो भावा, इटालियन आहे, रुसतंय.” मी हसलो आणि आणखी आठ हजार दिले. इथं मी फसवला गेलो असं म्हणणं खोटं ठरेल, इथं मी स्वतःहून फसलो. जेट डोळ्यासमोर होते तरी.

खरा दणका टाइम ट्रायलच्या आधी स्क्रुटिनीला, गाडीच्या तपासणीत बसला. गाडीत त्यानंच बसवलेला रोल केज होता, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा पाइपांचा सांगाडा. लाल रंगाचा, देखणा. तपासणाऱ्या काकांनी रंग बघितलाच नाही. विचारलं, “पाइपचं टेस्ट सर्टिफिकेट?” रोज लोकांना हाच प्रश्न विचारणारा मी गप्प. एफआयए या मोटार रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या नियमांत मुख्य हूपला, म्हणजे सीटमागच्या कमानीला, सीमलेस (बिनशिवणीचं), कोल्ड ड्रॉन स्टील लागतं, 45 मिलिमीटर व्यास असेल तर किमान अडीच मिलिमीटर जाडीचं. व्यास बाहेरून बरोबर भरत होता. काकांनी माझ्या परवानगीनं 6 मिलिमीटरचं भोक पाडलं आणि वाकवलेली तार आत घालून फिरवली. एका जागी ती अडखळली. “ही शिवण. ग्रिलवाल्याचा पाइप आहे हा. गाडी उलटली तर तुझ्याच अंगावर घडी होईल याची.” दुसऱ्या दिवशी अल्ट्रासोनिक गेज लावला तर जाडी 1.6 मिलिमीटर. माझ्या डोक्याच्या वर तीन इंचांवर.

पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दिवाणी मामला आहे म्हणाले. ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मला वकिलांनी सांगितलं. पण माझ्या हातात फक्त दीड लाखाची नोंद आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी आहेत. रोख तीन लाखांचा साक्षीदार फक्त तोच. आरटीओची गोष्टही तशीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असे बदल परस्पर करता येत नाहीत. आणि पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 पासून जी व्हिंटेज नोंदणी मिळते, तिच्यासाठी इंजिन, चासी मूळचंच हवं. विचारलं असतं तर हे कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं फक्त त्याला.

केज मी कापून काढला. एक वीतभर तुकडा टेबलावर ठेवलाय, शिवण वर करून. सोलेक्स परत बसवला, गाडी आता ऑफिसला जाते-येते, गुमान. त्याच्या रीलमध्ये मात्र अजून ती गर्जताना दिसते. गडद हिरवी फियाट, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, आत लाल केज. ‘आमच्याकडची लेटेस्ट बिल्ड’ म्हणून कुणी तुम्हाला ती दाखवली, तर ती माझी आहे.